उचलीत अडकलेल्या पेशी

रिपोर्ट हातात आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. सीडी३४ पेशी, म्हणजे प्रत्यारोपणासाठी रक्तातून गोळा करायच्या मूळ पेशी, दर मायक्रोलिटरला ६. कागद तिथंच ठेवून मी फ्लो सायटोमीटर या पेशी मोजायच्या यंत्रापाशी गेले आणि पडद्यावरचे ठिपके स्वतः पाहिले. आमच्या तंत्रज्ञाचं काम चोख होतं. सहाच होत्या.

आकडा दहाच्या खाली असला की दुसऱ्या दिवशी पेशी वेगळ्या करायचं मशीन लावण्यात फारसा अर्थ नसतो. चार-पाच तास माणसाचं रक्त फिरवायचं, त्याला पलंगाला खिळवून ठेवायचं आणि शेवटी पिशवीत कामापुरत्या पेशी जमलेल्या नसायच्या. वीसच्या वर असला तर आम्ही निर्धास्त असतो. सहा हा आकडा घेऊन वॉर्डात जायला माझे पाय उचलत नव्हते.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत डॉक्टर आहे. रक्ताच्या पिशव्या, क्रॉसमॅच, डेंगीच्या दिवसांत प्लेटलेटची धावपळ, हे रोजचं काम. महिन्यातून दोन-चारदा मात्र रक्तातून मूळ पेशी, ज्यांच्यापासून सगळं रक्त तयार होतं त्या, गोळा करायचं काम येतं. त्या दिवसाची तयारी मी आदल्या आठवड्यापासून करते.

नाना धारूर तालुक्यातले. बालाघाटच्या डोंगरातलं गाव, वय ५७, वजन ५५ किलो. गावात, घरात आणि दोन दिवसांत आमच्या अख्ख्या वॉर्डातही ते नानाच झाले होते. वीस वर्षं ऊसतोडीचे मुकादम. दसरा झाला की टोळी ट्रकात घालून कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात जायचं, आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचं. त्यांची टोळी या वर्षीही गेली होती, त्यांच्याशिवाय. दवाखान्यात पडल्या पडल्या ते फोनवर विचारत असायचे, किती खेपा झाल्या, कोणाचं लेकरू आजारी आहे, पट्टी निघाली का.

दीड वर्षापूर्वी त्यांची पाठ धरली. उसाच्या फडात वाकून कोयता मारणाऱ्या माणसाची पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. तेल चोळलं, वीट तापवून शेकलं, मेडिकलवरून गोळ्या आणल्या. मणका दबून चालणंच थांबलं तेव्हा एमआरआय झाला आणि मल्टिपल मायलोमा निघाला. हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशी हाडाच्या आत ठाण मांडतात आणि हाड आतून पोखरतात. नानांच्या पाठीचं ते दुखणं आणखी कितीतरी दिवस कष्टाच्या नावावर खपलं असतं, खपतही आलं होतं. आपल्याकडं किती जणांचं असंच खपत असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोन या उपचारानं आजार चांगला मागे हटला होता. पुढची पायरी ऑटोलोगस प्रत्यारोपणाची. त्यात दुसऱ्या कोणाच्या पेशी लागत नाहीत. रुग्णाच्याच मूळ पेशी रक्तातून काढून ठेवायच्या, मग मेल्फलान या केमोथेरपीच्या औषधाचा मोठा डोस देऊन मज्जेतला उरलासुरला रोग मारायचा. त्या डोसात चांगली मज्जाही जळते, म्हणून काढून ठेवलेल्या पेशी परत शिरेतून सोडायच्या. एवढ्या दोन ओळींत सांगता येणाऱ्या गोष्टीत सगळा भार असतो तो पेशी हाताशी येण्यावर. प्रत्यारोपणासाठी वजनाच्या दर किलोमागं कमीत कमी २० लाख सीडी३४ पेशी हव्यात.

नानांच्या बाबतीत आणखी एक काळजी होती. तीन वर्षांपूर्वी फडातच त्यांना हार्ट अटॅक आला होता. गाडी मिळेपर्यंत, तालुक्याला पोचेपर्यंत बराच वेळ गेला. स्टेंट पडला, जीव वाचला, पण हृदयाच्या पुढच्या भिंतीवर व्रण राहिला. इकोवर पंपिंग ४५ टक्के. त्यामुळं आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी प्रत्येक पायरीवर सही करूनच परवानगी दिली होती.

मूळ पेशी एरवी मज्जेतच राहतात, रक्तात अगदी थोड्या भटकतात. त्यांना बाहेर काढायला जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात. नानांना रविवारपासून रोज ती चालू होती. बुधवारी पांढऱ्या पेशी ४२ हजारांवर गेल्या होत्या, हाडं ठणकत होती, ताप आल्यासारखं वाटत होतं. रक्तात गर्दी झाली होती, पण हवी होती ती मंडळी गावातून हललीच नव्हती. लेनालिडोमाइड घेतलेल्या रुग्णांत असं होतं, हे ठाऊक होतं. तरी आशा होती.

आता उपाय एकच होता, मूळ पेशींना मज्जेतून सोडवणारं प्लेरिक्साफॉर हे औषध. ते आमच्या फार्मसीत नव्हतं. महागडं आहे, लागेल तेव्हाच मागवायचं असा शिरस्ता. वितरकानं सोमवारी देतो म्हणून सांगितलेली कुपी बुधवारपर्यंत आलेली नव्हती. चार वाजता पुण्यातल्या एका ओळखीच्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याच्याकडं एक कुपी होती. ती साध्या तापमानाला टिकते, बर्फाची पेटी लागत नाही, हे त्या दिवशी आमचं नशीब. पावणेपाचच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती कुपी दिली गेली, आणि नानांचा मुलगा रात्री नऊपासून बाबा पेट्रोल पंपापाशी जाऊन उभा राहिला.

मधल्या वेळात मला नानांशी बोलायचं होतं. संमतीपत्रावर अंगठा घेणं सोपं असतं. पण या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे घेतलेले, हिशेब ठेवलेले. त्यांना नीट सांगायला हवं होतं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पलंगाच्या कडेला बसून ज्वारीच्या भाकरीचे तुकडे दुधात कुस्करत होत्या.

"नाना, पेशी कमी निघाल्या," मी म्हणाले. "अजून एक इंजेक्शन द्यावं लागणार आहे."

"कामून निघंनात? एवढी सुया टोचून?"

मी एरवी जे सांगते ते सांगायला लागले. मज्जेतल्या काही पेशी एक छोटं प्रथिन सतत सोडत असतात, त्याचं नाव सीएक्ससीएल१२. अशा हाक मारणाऱ्या प्रथिनांना केमोकाइन म्हणतात. माणसाच्या शरीरात पन्नासच्या आसपास आहेत. ज्या पेशीनं ती हाक ऐकायची तिच्या अंगावर कान असतो, त्याला रिसेप्टर म्हणायचं. हे रिसेप्टर वीसच्या घरात. पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर ओवलेला प्रथिनाचा धागा, असं त्याचं रूप. मूळ पेशीच्या अंगावर जो असतो तो सीएक्ससीआर४. हाक चालू आहे तोवर पेशी मज्जा सोडत नाही.

नाना ऐकत होते, पण डोळ्यांत काही उमटत नव्हतं. काकूंनी वाटी खाली ठेवली. मी थांबले आणि वेगळ्या वाटेनं गेले. म्हटलं, "तुमच्या टोळीतलं माणूस दुसऱ्या मुकादमाकडं का जात नाही?"

"उचल घेतलेली असती ना. फिटल्याबिगर कसं जाईल?"

"मग या पेशींनी मज्जेकडून उचल घेतलीय असं समजा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उचल म्हणजे हंगामाच्या आधी मुकादम मजुराला देतो ती आगाऊ रक्कम. लेकीच्या लग्नात, औषधपाण्यात ती संपून गेलेली असते, आणि मग नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन, फडाजवळच्या कोपीत म्हणजे झोपडीत राहून, सहा महिने ती फेडत राहतात. मराठवाड्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

नाना उठून बसले. "आन् ह्ये इंजेक्शन उचल फेडतंय व्हय?"

"फेडत नाही. त्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. मज्जेची हाक पेशीला ऐकूच येत नाही. दहा-बारा तास तिला वाटतं, आपल्यावर कोणाची उचल नाही. तेवढ्यात ती बाहेर पडते, आणि आम्ही तिला धरतो."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठीच मी आज हे लिहायला बसले आहे.

"ताई, मंग त्यो रोग बी त्याच गावात ऱ्हातोय ना? त्याची बी उचल सुटंल की."

शंकेची अशी नेमकी मांडणी मी परिषदांतही क्वचित ऐकली आहे. मायलोमाच्या पेशींवरही सीएक्ससीआर४ असतो. त्याच हाकेनं त्या मज्जेत रुजतात, त्याच कुशीत औषधापासून लपतात. मूळ पेशींचं घर आणि रोगाचं घर एकच आहे, दाराची कडीही तीच. मी नानांना खरं तेच सांगितलं. ही भीती डॉक्टरांनाही होती. मायलोमाच्या रुग्णांत या औषधानंतर गोळा केलेल्या पिशव्या तपासल्या गेल्या, तेव्हा रोगाच्या पेशी लक्षणीय वाढलेल्या आढळल्या नाहीत. आणि काही संशोधकांनी तर ही गोष्ट मुद्दाम करून पाहिली आहे. रक्ताच्या कर्करोगात, ल्युकेमियात, आधी प्लेरिक्साफॉर देऊन पेशींना मज्जेच्या आडोशातून बाहेर काढायचं आणि उघड्यावर आल्या की केमोथेरपी द्यायची. काही रुग्णांत त्याचा उपयोग दिसला, पण तो अजून सर्वांसाठीचा उपचार झालेला नाही.

"म्हंजे फडातून बाहीर हाकलून धरायचं," नाना म्हणाले. "डुकरं धरत्यात तसं." आणि त्यांनी अंगठा पुढं केला. नंतर म्हणाले, नको, सही करतो.

सव्वादहाला मुलाचा फोन आला, कुपी मिळाली. रिक्षानं तो पावणेअकराच्या आत वॉर्डात. त्याच्या स्वेटरच्या आतल्या खिशात, छातीशी धरलेली. डोस किलोमागं ०.२४ मिलिग्रॅम, म्हणजे ५५ किलोला १३.२ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं, तेव्हा ०.६६ मिलिलिटर. मूत्रपिंड ठीक होतं, डोस कमी करायची गरज नव्हती. सिस्टरनं आणि मी वेगवेगळा हिशेब मांडून ताडून पाहिला. पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन गेलं तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. तिथून साधारण अकरा तासांनी मशीन लावायचं. सकाळी दहा.

मी घरी गेले नाही. रक्तपेढीच्या खोलीत आडवी झाले, पण झोप लागेना. या औषधाचा प्रवास मला नेहमीच हलवून सोडतो. मुळात ते कर्करोगासाठी कोणी शोधलेलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बेल्जियममधल्या लोव्हेन इथं एचआयव्ही विषाणूवर रसायनं तपासत असताना एका नमुन्यानं विषाणूला रोखलं. पाहिलं तर काम मूळ रसायनाचं नव्हतं, त्यात राहून गेलेल्या अशुद्धीचं होतं. त्या अशुद्धीच्या मागावर जाऊन हे औषध तयार झालं. सीएक्ससीआर४ हे एचआयव्हीला पेशीत शिरायचं एक दार आहे हे १९९६ मध्ये कळलं, आणि हे औषध नेमकं त्याच दारात बसतं हे त्याच्या पाठोपाठ. एड्सवरचं औषध म्हणून ते टिकलं नाही. पण ज्या स्वयंसेवकांना ते दिलं होतं त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी अचानक वाढलेल्या दिसल्या. कोणीतरी तो आकडा चूक म्हणून बाजूला टाकला नाही. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मूळ पेशी बाहेर काढण्यासाठी मान्यता मिळाली.

मग मावशी आठवली. मी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हा परळीच्या माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस परत आले. दोन वर्षांनी कंबर दुखायला लागली आणि रोग कण्यात सापडला. मी रडत सरांना विचारलं होतं, रक्त तर सगळ्या अंगात फिरतं, मग रोग हाडातच का गेला? सरांनी स्टीफन पॅजेटचं नाव सांगितलं. १८८९ मध्ये त्यानं स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या आणि म्हटलं होतं की बी सगळीकडं उडतं, पण मानवणाऱ्या जमिनीतच उगवतं. काळ्या रानातल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. पण जमीन मानवते म्हणजे काय, याचं एक ठोस उत्तर २००१ मध्ये आलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर४ आणि सीसीआर७ हे रिसेप्टर भरपूर असतात, आणि त्यांना हाक मारणारी केमोकाइनं लिम्फच्या गाठी, फुप्फुसं, यकृत आणि अस्थिमज्जेत जास्त असतात. हा रोग पसरतो तो बहुतेक याच ठिकाणी. उंदरांत सीएक्ससीआर४ ची वाट अडवली तर लिम्फच्या गाठी आणि फुप्फुसांकडचा प्रसार कमी झाला. पुढं वीसहून जास्त प्रकारच्या कर्करोगांत हाच रिसेप्टर सापडला. म्हणजे मावशीच्या त्या पेशी वाट चुकून कण्यात गेल्या नव्हत्या. मूळ पेशींना घरात धरून ठेवणारी हाक त्यांनीही ऐकली होती. हे मला कळलं तेव्हा मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळल्यानं काही परत येत नाही, तरी मला ते कळणं हवं होतं.

पहाटे नानांना दोनदा जुलाब झाले, ते या औषधानं होतात. आठला रक्त घेतलं. साडेनऊला तंत्रज्ञानं मला हाक मारली. त्याच्या आवाजावरूनच समजलं.

३१.

रात्रीतून सहाच्या एकतीस. मी कागद घेऊन जिन्यानंच वर गेले, लिफ्टची वाट पाहवली नाही. काकूंना आकडा सांगितला तर त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि देवीच्या नावानं हात जोडले.

दहाला मशीन लावलं. मानेच्या शिरेत नळी आधीच होती. एका बाजूनं रक्त बाहेर येतं, मशीनमध्ये गरगर फिरून थरांत वेगळं होतं, मधल्या थरातल्या पेशी पिशवीत जातात आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं अंगात परत. एका वेळी थोडंच रक्त बाहेर असतं, पण पाच तासांत १२ लिटर फिरवायचं होतं, म्हणजे अंगातलं सगळं रक्त तीनदा. हृदयाची पट्टी मॉनिटरवर चालू, मी स्टूल ओढून शेजारीच.

साडेबारा वाजता नाना म्हणाले, "ताई, व्हट बधिर झाल्यावानी झालेत." मग दोन मिनिटांनी, "छातीत कसंतरी व्हतंय."

मशीन थांबवलं. रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात, ते अंगात गेलं की कॅल्शियम बांधून ठेवतं. ओठ बधिर, मुंग्या, छातीत आवळल्यासारखं, हे त्यानं होतं आणि रोज होतं. पण ज्याच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीवर व्रण आहे, ज्याच्या रक्तात चाळीस हजारांवर पांढऱ्या पेशी आहेत, त्याच्या छातीत कसंतरी होतंय हे मी रोजचं समजू शकत नव्हते. ईसीजी काढला, हृदयरोगतज्ज्ञ धावत आले, रक्तातलं आयनाइज्ड कॅल्शियम तपासलं. ईसीजी जुन्या पट्टीसारखाच होता. कॅल्शियम खाली गेलेलं. कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं. नानांचा हात माझ्या हातात होता. कोयत्यानं कडक झालेला तो तळवा मला अजून आठवतो. वीस मिनिटांत बधिरपणा उतरला, छाती मोकळी झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही नॉर्मल आलं. रक्ताचा वेग कमी करून मशीन पुन्हा सुरू केलं.

त्या वीस मिनिटांत माझ्या मनात त्यांचं तीन वर्षांपूर्वीचं हृदय होतं. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साठून बिघडलं की अस्तर सीसीएल२ नावाचं केमोकाइन सोडतं. ती हाक ऐकतात मोनोसाइट पेशी, त्यांच्यावरच्या सीसीआर२ या रिसेप्टरनं. त्या भिंतीत शिरतात, ते कोलेस्टेरॉल खातात, फुगतात आणि तिथंच अडकून गाठ वाढवतात. १९९८ मध्ये सीसीआर२ नसलेले उंदीर तयार करून पाहिलं, तर त्यांच्या धमन्यांतल्या गाठी लहान राहिल्या. पुढं गाठ फुटून अटॅक येतो तेव्हा मेलेला हृदयस्नायू पुन्हा तीच हाक देतो आणि मोनोसाइटच्या झुंडी तिकडं धावतात. पहिल्या काही दिवसांत त्यांची गरज असते, मेलेलं उचलून न्यायला. जास्त झाल्या, जास्त दिवस राहिल्या, तर व्रण पातळ पडतो, हृदय पसरतं.

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी मी नंतर चहा घेताना यावरच बोलत होते. ते म्हणाले, मग हा सीसीआर२ बंद करून टाकावा असं वाटणं साहजिक आहे. पण तसं सरळ नाही. सीसीएल२ अडवणारी प्रतिपिंडं स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांना दिली तेव्हा मोनोसाइट मज्जेतच अडून राहिले आणि रोगाचा प्रसार कमी झाला. उपचार थांबवला तसे तुंबलेले मोनोसाइट एकदम सुटले, आणि प्रसार आधीपेक्षा वेगानं झाला, उंदीर लवकर मेले. हे २०१४ मध्ये छापून आलं. प्लेरिक्साफॉरचंही तसंच. हार्ट अटॅकनंतर उंदरांना एकदाच दिलं तर हृदयाला फायदा दिसला, सतत देत राहिल्यावर नुकसान. धमन्यांत सीएक्ससीआर४ दीर्घकाळ अडवला तर गाठी वाढल्याचंही दिसलं आहे. एकच रिसेप्टर एका ठिकाणी रोगाला घर देतो, दुसऱ्या ठिकाणी जखम भरायला माणसं पाठवतो. किती वेळ अडवायचा आणि कधी सोडायचा, यावर सगळं आहे. नानांना आम्ही एका रात्रीपुरतंच अडवलं होतं, आणि ते मला त्या दिवशी फार योग्य वाटलं.

हृदय आणि कर्करोग यांचे वॉर्ड आपण वेगळे बांधले आहेत, मजले वेगळे, डॉक्टर वेगळे. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या दाहशामक प्रतिपिंडाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण. हृदयविकाराचे पुढचे झटके कमी झाले, आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं होणारे मृत्यूही कमी दिसले. संसर्गानं होणारे मृत्यू मात्र वाढले, हेही त्याच चाचणीनं सांगितलं. हे औषध केमोकाइनवरचं नाही, दाह पेटवणाऱ्या एका दुसऱ्या प्रथिनावरचं आहे. पण दोन्ही आजार एकाच विस्तवावर शिजतात, याचा माणसांतला इतका मोठा पुरावा मी तरी आधी पाहिला नव्हता. नानांच्या अंगात तर ते दोन्ही शेजारी शेजारीच होते.

साडेतीनला मशीन थांबलं. पिशवीतला रंग पातळ टोमॅटोच्या सारासारखा. नमुना मोजला, किलोमागं ३१ लाख. म्हणजे एकूण सतरा कोटींहून जास्त पेशी. एका बैठकीत काम झालं होतं. दुसरी कुपी लागली नाही. मुलानं पहिलीच्या पैशासाठी कोणाकडं हात पसरले होते ते त्यानं मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

नानांनी पिशवी हातात घेऊन पाहायला मागितली. "हलकीच हाय की," म्हणाले. "माझी टोळी एवढ्यात बसली?"

पिशवी चार अंशाच्या फ्रिजमध्ये ठेवली. दोन दिवसांचा प्रश्न असला की आमच्याकडं गोठवत नाहीत. शुक्रवारी सकाळी मेल्फलान झालं. शनिवारी सकाळी मी स्वतः पिशवी घेऊन वर गेले. लेबलवरचं नाव, नंबर, रक्तगट, तिघांनी मोठ्यानं वाचून जुळवलं. अर्ध्या तासात पेशी शिरेतून आत गेल्या.

नाना टक लावून नळीकडं पाहत होते. "ह्या आता रगतात गेल्या. हाडात कोन न्हेनार ह्यांला?"

"कोणी नाही. त्या औषधाचा असर कधीच उतरलाय. मज्जेची हाक त्यांना आता ऐकू येईल."

"तीच? उचलवाली?"

"तीच."

पुढचे दिवस कठीण गेले. तोंड सोलून निघालं, ताप आला, दोनदा प्लेटलेट चढवल्या, पांढऱ्या पेशी शंभराच्याही खाली गेल्या. काकू दाराबाहेर मास्क लावून बसायच्या, आत जाता येत नव्हतं. मी रोज सकाळी आपलं काम सुरू करायच्या आधी त्यांचा काउंट पाहत होते. आठव्या दिवशी काही नाही. दहाव्या दिवशी काही नाही. अकराव्या दिवशी २००.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, ७२०. मज्जा पुन्हा कामाला लागली होती. मी काचेतून नानांना आकडा बोटांनी दाखवला. त्यांनी उशाचा फोन उचलला आणि कर्नाटकातल्या फडावर टोळीला लावला. दाराला कान लावून मी ऐकलं.

"पोचले म्हनावं समदे," ते सांगत होते. "आपापल्या कोपीत."